आधी सॅली लावा: आयर्लंडमधल्या घरच्या शेतावर जुन्या हस्तकला सुरू करताना

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, सासर आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत. घरची शेती म्हणजे मेंढ्या, थोडी गुरं आणि भरपूर ओली जमीन. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात गोठ्याच्या माळ्यावर मला एक काळी पडलेली उथळ टोपली सापडली. सासूबाई म्हणाल्या, "ती स्किब. बटाटे निथळायची." उकडलेले बटाटे तिच्यात ओतायचे, पाणी गळून गेलं की तीच टोपली पातेल्यावर ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसून जेवायचं. मी ती उलटीपालटी करून पाहिली. आमच्या गावाकडे निरगुडीच्या फोकांची पाटी विणतात, तशीच ही वीण होती. झाड तेवढं वेगळं.

आता इकडच्या खेड्यात नव्याने राहायला आलेली माणसं मला विचारतात की हे शिकायचं कुठून सुरू करू. कुणी लग्न होऊन आलेली असते, कुणी शहरातली नोकरी ठेवून दोन-चार एकर घेतलेली असतात, कुणी काही महिन्यांसाठी शेतावर मदतीला आलेलं असतं. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

बहुतेक जण सुरुवात करतात ती शनिवार-रविवारच्या वर्गापासून. वर्ग चांगलेच असतात, एक टोपली करून माणूस आनंदाने घरी येतो. मग दुसरी करायला फोक नसतात. विकत आणलेले संपतात, हात विसरतो आणि टोपली शोभेला कपाटावर जाते. इथल्या जुन्या शेतकऱ्यांना टोपली ही वेगळी कला वाटतच नव्हती. बटाटे लावले तशी सॅली, म्हणजे विलोचं झाड, लावली, हिवाळ्यात कापली, पावसाळी दिवशी विणली. म्हणून माझा सल्ला उलटा आहे: वर्ग नंतर, आधी जमीन.

पहिलं काम: शेतावर काय उगवतं ते पाहा

घरातलं किंवा शेजारचं सगळ्यात जुनं माणूस सोबत घ्या आणि एक दुपार बांधाबांधाने फिरा. प्रत्येक झाडाजवळ एकच प्रश्न विचारा: "याचं पूर्वी काय करायचे?" आमच्या शेजारच्या आजोबांनी मला दोन तासांत जे दाखवलं ते मी आधी दोन वर्षं नुसतं बघत होते. ओढ्याकाठची सॅली टोपल्यांसाठी. कुंपणातली हेझल काठ्यांसाठी आणि टोपलीच्या जाड कण्यांसाठी. ओल्या कुरणातला रश, म्हणजे लव्हाळ्यासारखं गवत, आयर्लंडच्या संत ब्रिजिटच्या क्रूसासाठी. ओटची लांब काडी दोर वळायला. मेंढ्यांची लोकर तर होतीच, आणि चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती. ही कोरडी भिंत रचण्याची विद्या युनेस्कोच्या यादीत आहे आणि 2024 मध्ये त्या नोंदीत आयर्लंडही सामील झालं. भिंतीचं काम मात्र पाठीचं आणि जोखमीचं आहे, ते जाणत्याच्या हाताखालीच शिका. इथे त्यावर जास्त लिहीत नाही.

एक नियम लक्षात ठेवा. आयर्लंडमध्ये 1 मार्च ते 31 ऑगस्ट कुंपणाची झाडी कापायला कायद्याने बंदी आहे, कारण पक्ष्यांची घरटी असतात. रानातलं जे काही कापायचं ते त्याआधी.

दुसरं काम: 31 जानेवारीला ब्रिजिटचा क्रूस

हे पहिल्या वर्षीच करता येतं, कारण माल फुकट आणि दाराशी असतो. संत ब्रिजिटचा दिवस 1 फेब्रुवारीला. इथल्या जुन्या पंचांगात वसंताची सुरुवात त्या दिवसापासून धरतात, आणि 2023 पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुटीही मिळते. आदल्या दिवशी रश आणायचा. तो कापायचा नाही, उपटायचा, अशी रीत आहे. शेतकऱ्याला एरवी रश नकोसा, कारण जमिनीत पाणी साचतं याची ती खूण. या एका दिवशी मात्र मुलांना मुद्दाम त्याच कोपऱ्यात पाठवतात.

वीत-दीड वीत लांबीच्या वीस-पंचवीस काड्या घ्या. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अडकवा, तिची दोन्ही टोकं उजवीकडे येतील. आता सगळं मिळून पाव फेरा डावीकडे फिरवा, म्हणजे ती टोकं वर जातील. तिसरी काडी दुमडून त्या टोकांवर अडकवा, पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव फेरा. एवढंच. डाव्या हाताचा अंगठा मधल्या चौकोनावर घट्ट दाबलेला राहू द्या, तो सुटला की सगळं सुटतं. पुरेसा मोठा चौकोन झाला की चारही बाहू टोकाशी बांधा आणि क्रूस दारावर आतून लावा. पूर्वी गुरांच्या रक्षणासाठी एक गोठ्यातही लावत. आमच्याकडे अजून लावतात, आणि मागच्या वर्षीचा काढून टाकत नाहीत, तुळईत खोचून ठेवतात. माळ्यावर अशा तपकिरी क्रूसांची रांग आहे. त्यातला कोणता कुणी केला ते सासूबाई विणीवरून सांगतात.

तिसरं काम: सॅलीचा वाफा

आता मुख्य गोष्ट. रानात आपोआप उगवणारी सॅली विणायला फारशी कामाची नाही, तिला फांद्या फार फुटतात आणि वाकवताना ती मोडते. विणण्यासाठी मुद्दाम वाढवलेल्या जाती लागतात. तीन नावं लक्षात ठेवा. सॅलिक्स व्हिमिनॅलिस लांब आणि जोमदार, मोठ्या टोपल्यांना. सॅलिक्स परप्युरिया बारीक आणि चिवट, तिची साल इतकी कडू की ससे आणि हरणं सहसा तोंड लावत नाहीत. सॅलिक्स ट्रायँड्रा सगळ्याच कामाला चांगली. नवख्याने तिन्ही थोड्या थोड्या लावाव्यात, जमीनच सांगेल कोणती मानवते.

रोपं लागत नाहीत. गेल्या वर्षीच्या वाढीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फोकाचे 25 ते 30 सेंटिमीटरचे तुकडे पुरतात. झाड झोपलेलं असताना, म्हणजे पानगळ झाल्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, ते जमिनीत खोचायचे. डोळे वरच्या दिशेला हवेत. तुकड्याचा बहुतेक भाग जमिनीत, दोन-तीन डोळे वर. ओळीत 30 सेंटिमीटरवर एक, दोन ओळींत 60 ते 75 सेंटिमीटर. इतकं दाट बघून नवख्यांना वाटतं चूक होते आहे. चूक नाही. दाटीत उजेडासाठी चढाओढ लागते, म्हणून फोक सरळ आणि बिनफांदीचे वाढतात.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहा. सांडपाण्याची टाकी आणि निचऱ्याच्या नळ्या यांच्यापासून लांब लावा, सॅलीची मुळं पाण्याच्या शोधात नळ्यांत शिरतात आणि त्या तुंबवतात. आणि कुंपण घालाच. मेंढ्यांना सॅलीची कोवळी पानं म्हणजे मेजवानी.

तरीही सॅली मरते ती जनावराने कमी आणि गवताने जास्त. पहिल्या वर्षी मी साठ तुकडे लावले. मेमध्ये सगळ्यांना पालवी आली आणि मी निर्धास्त झाले, कारण कोकरांच्या दिवसांत सवडच नव्हती. ऑगस्टमध्ये गवत बाजूला सारून मोजले तर निम्मेच उरले होते. तुकड्याला पहिल्या उन्हाळ्यात मुळं करायची असतात, तेव्हाच गवत त्याचं पाणी आणि उजेड दोन्ही घेतं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या आजोबांनी उपाय सांगितला: विकायच्या लायकीची नसलेली लोकर ओळींच्या मधे जाडसर अंथर. लोकरीखाली तण वाढत नाही, ओल टिकते, आणि ती हळूहळू कुजून जमिनीतच जाते. तेव्हापासून आमच्या वाफ्यात मेंढीच्या ढुंगणाकडची मळकी लोकर असते. लोकर नसेल तर जाड पुठ्ठा आणि त्यावर पाला.

पहिल्या हिवाळ्यात आलेलं सगळं जमिनीलगत छाटून टाका. बारीक असतं, जीव खालीवर होतो, पण छाटा. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा. विणण्याजोगं भरघोस पीक तिसऱ्या वर्षापासून. पुढे मात्र दर हिवाळ्याला तोच खुंट नव्याने फोक देत राहतो, वर्षानुवर्षं.

थांबायचे दिवस: काय पाहायचं, कुणाला विचारायचं

ही मधली दोन वर्षं फुकट घालवू नका. मेयोतल्या कॅसलबारजवळच्या टर्लक पार्कला राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामजीवनाची शाखा आहे, 2001 मध्ये उघडलेली, प्रवेश विनामूल्य. तिथे टोपल्या, गवताचे दोर, घोड्याचं सामान, सगळं जवळून बघता येतं. मी वही घेऊन जाते आणि फक्त टोपल्यांचे तळ काढते. वस्तू वरून सगळ्यांच्या सारख्या दिसतात, गावागावाचा फरक कळतो तो तळाशी आणि काठाशी.

दुसरं भांडार घरबसल्या मिळतं. 1937 ते 1939 या काळात देशभरातल्या सुमारे 5,000 शाळांतल्या 50,000 मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना विचारून जुनी माहिती वह्यांत उतरवली. ती आता डूखस या संकेतस्थळावर गावाच्या नावाने शोधता येते. तुमच्या गावाचं नाव घाला. टोपल्या कोण करायचं, मेणबत्त्या कशा करत, लोकर कशाने रंगवत, हे एखाद्या बारा वर्षांच्या मुलाच्या अक्षरात सापडतं. आमच्या शेजारच्या आजोबांना मी अशी एक नोंद वाचून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की या मुलाला मी ओळखत होतो.

शिकवणाऱ्यांपैकी गॅलवे काउंटीत लॉख ना फूई तलावाकाठी 1978 पासून सॅली लावून टोपल्या करणारे जो होगन यांचं काम जिथे दिसेल तिथे बघा. आयरिश बास्केटमेकर्स असोसिएशनकडे शिकवणाऱ्यांची माहिती मिळते. सूतकताई आणि विणकामासाठी 1975 मध्ये स्थापन झालेली विणकर, सूतकाती आणि रंगारी यांची गिल्ड आहे. आणि गावातल्या आयसीएच्या, म्हणजे ग्रामीण महिलांच्या संघटनेच्या, बैठकीला जरूर जा. 1910 पासूनची ही संघटना आहे. नवख्या परदेशी बाईला तिथे जितक्या सहज खुर्ची मिळते तितकी मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

याच दिवसांत दोर वळायला शिका. इथे त्याला सूगॉन म्हणतात. एक जण गवताच्या किंवा ओटच्या काडीच्या ढिगाशी बसून मुठीने काडी पुरवत जातो, दुसरा आकडा फिरवत मागे मागे सरकतो. आपल्याकडे चऱ्हाट वळतात तसंच. काडी पुरवणारा खरा कारागीर, कारण दोर एकसारखा जाड ठेवणं त्याच्या बोटांत असतं. पूर्वी गवताच्या गंजी याच दोराने आवळत आणि खुर्च्यांच्या बैठका विणत. मग नायलॉनची सुतळी आली. आज खुर्चीसाठी काडी हवी असेल तर थोडा ओट विळ्याने किंवा लांब दांड्याच्या कोयत्याने कापावा लागतो, कंबाइन यंत्रातून निघालेली काडी चुरडलेली असते.

चौथं काम: कापणी आणि पहिली टोपली

पान गळाल्यावर, कोरड्या दिवशी, सगळे फोक जमिनीलगत धारदार छाटणीकात्रीने कापा. मग एका पिंपात बुंधे खाली करून उभे करा आणि सगळ्यात लांब फोक आधी उपसा, मग त्याहून आखूड, अशा लांबीप्रमाणे जुड्या बांधा. हे कंटाळवाणं वाटतं, पण सारख्या जाडीचे फोक शेजारी आले तरच टोपली गोल होते. जुड्या वारा लागेल अशा छपराखाली उभ्या ठेवा.

ताज्या फोकांनी लगेच विणू नका. माझी पहिली टोपली मी तशीच केली. दिवाळीपर्यंत फोक वाळून आकसले आणि वीण इतकी सैल झाली की बटाटा बाहेर डोकावत होता. निदान महिना-दीड महिना वाळू द्या, किंवा पूर्ण वाळवून पुन्हा भिजवा. सालीसकट वाळलेल्या फोकाचा हिशोब असा: जितके फूट लांब तितके दिवस थंड पाण्यात. पाच फुटी फोक पाच दिवस, उन्हाळ्यात थोडे कमी. नंतर पाण्यातून काढून रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळा. सकाळी गोणपाट उघडलं की गोडसर, किंचित आंबूस वास येतो. एक फोक जाड बाजूने मनगटाभोवती वळवून पाहा. कट्ट आवाज आला तर अजून एक दिवस.

पहिली टोपली गोल करा. जाड फोकाचे वीतभराचे आठ तुकडे घ्या. चार तुकड्यांना मध्यावर चाकूच्या टोकाने चीर पाडा आणि उरलेले चार त्या चिरांतून ओवा. अधिकचं चिन्ह तयार होईल. आता दोन बारीक, लांब फोकांचे शेंडे चिरेत खोचा आणि दोघांनी आळीपाळीने विणा, एक पुढून जातो तेव्हा दुसरा मागून. पहिले दोन फेरे चार-चारच्या गटाभोवती. तिसऱ्या फेऱ्याला गट उलगडून जोड्या करा, मग एकेक. सोळा आरे सूर्यकिरणांसारखे सारख्या अंतरावर आले पाहिजेत. प्रत्येक फेऱ्याला आरे जोर लावून बाजूला ओढा, हळूच ओढलं तर पुढे सगळं एकीकडे कलतं.

तळ सपाट करायचा नाही. विणताना आरे किंचित आपल्यापासून खाली दाबत राहा, म्हणजे तळ उपड्या बशीसारखा फुगतो आणि टोपली कडांवर टेकून स्थिर बसते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांनी माझी टोपली टेबलावर ठेवली, बोटाने टिचकी मारली, ती गरगर फिरली, आणि त्यांनी आपली शेजारी ठेवली. ती हलली नाही.

तळ झाला की प्रत्येक आऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब फोक, टोक तासून, खोलवर खोचा. तळाशी अंगठ्याच्या नखाने किंवा चाकूच्या टोकाने दाबून ते वर वाकवा आणि शेंडे एकत्र बांधा. आता तीन फोकांची घट्ट वीण तीन-चार फेरे, टोपलीचा आकार इथेच ठरतो. पुढे भिंत एकेरी विणीने चढवा, प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर ठोकून खाली बसवा. काठाला उभे फोक एकमेकांच्या मागे-पुढे मुडपून लपवा. पहिल्या वेळी पूर्ण दिवस लागतो. पाणी जवळ ठेवा आणि फोक कोरडे पडू देऊ नका.

पाठीवरची किंवा गाढवावरची क्रील, आयरिशमध्ये क्लीव, ही वेगळ्या तऱ्हेने होते. जाड फोक थेट जमिनीत चौकोनात रोवायचे आणि टोपली उलटी, तोंडाकडून तळाकडे विणत जायची. शेवटी वरची टोकं वाकवून तळ होतो. हिच्यातून पीट, म्हणजे जळणासाठी वाळवलेली दलदलीची माती, आणि समुद्रशेवाळ वाहत. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करा.

लोकरीबद्दल थोडं

इथल्या शेतकऱ्याला लोकरीचा जो भाव मिळतो त्यातून बरीच वर्षं कातरणीचा खर्चही निघत नाही. म्हणून घरी वापर झाला तर आनंदच आहे. डोंगराळ काळतोंड्या मेंढीची लोकर राठ, गालिच्याला किंवा बसकरासाठी बरी. देशी गॅलवे जातीची मऊ, कताईला चांगली. आपल्याकडे धनगर जावळाची लोकर वेगळी काढतात तसं इथेही कोकराच्या पहिल्या कातरणीची वेगळी ठेवा. धुताना एकच पथ्य: गरम पाण्यात साबण घालून लोकर नुसती बुडवायची, चोळायची नाही, आणि गरमातून एकदम गारात टाकायची नाही. नाहीतर तिचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा, होतो, मग तो सुटत नाही. चरख्याआधी टकळीवर शिका. रंगाला कांद्याची सालं सोपी. जुने लोक खडकावरच्या दगडफुलाने तपकिरी रंग काढत, पण दगडफूल फार सावकाश वाढतं. ते खरवडू नका.

वापरा, मग विका

पहिल्या दहा टोपल्या घरात वापरा. आमच्याकडे एक अंड्यांना, एक जळणाला, एक बटाट्यांना आहे. वापरली की कळतं कुठे तुटते, आणि दुरुस्ती शिकता येते. विकायची तर सॅली कापण्यापासूनचे तास धरून किंमत लावा. कमी किमतीने शेजारच्या कारागिराचंही पोट मारलं जातं. डब्लिनमध्ये म्यूरियल गहन यांनी 1930 मध्ये द कंट्री शॉप नावाचं दुकान काढलं ते याचसाठी, की खेड्यातल्या हातांना रास्त दाम मिळावा. आज त्या कामी प्रत्येक काउंटीतलं लोकल एंटरप्राइज ऑफिस आणि किलकेनीची डिझाइन अँड क्राफ्ट्स कौन्सिल मदत करतात. शेतावर लोकांना बोलावून शिकवणार असाल तर आधी सार्वजनिक दायित्वाचा विमा काढा.

आणि गिऱ्हाइकाला खरं तेच सांगा. ॲरन स्वेटरवरची प्रत्येक नक्षी एकेका घराण्याची, बुडालेला कोळी तिच्यावरून ओळखत, ही गोष्ट पर्यटकांना आवडते, पण ती खरी नाही. ते विणकाम विसाव्या शतकात ॲरन बेटांवरच्या बायकांनी कमाईसाठी फुलवलं. मला ही खरी गोष्ट जास्त मोठी वाटते.

तिसऱ्या हिवाळ्यात कापणी झाली की जाड बुंध्यांचे 25 सेंटिमीटरचे तुकडे फेकू नका. वीस-वीसच्या जुड्या करून बादलीत पाण्यात उभ्या ठेवा आणि मागेल त्याला द्या. माझी सॅली अशाच एका बादलीतून आली. आमच्या फाटकाशी जानेवारीभर ती बादली असते, आणि गावातलं कुणीतरी दर वर्षी एक जुडी घेऊन जातं.